आर. एल. पिकन्सच्या मिशा

१ फेब्रुवारी, बुधवार

जगाच्या इतिहासात पुष्कळ अन्याय झाले. त्यातले बरेचसे मी गेली सव्वीस वर्षं वर्गात शिकवतो आहे, तेव्हा मला या विषयात थोडं कळतं असं धरून चालू. पण आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या इतिहास विभागाच्या बोळात जे पाहिलं त्याची नोंद कुठल्या प्रकरणात करावी हे मला समजेना. कॉफीचं यंत्र बंद होतं. बिघडलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो. त्याचा प्लग काढून, वायर पोटाशी गुंडाळून, भिंतीकडे तोंड करून त्याला उभं केलं होतं, शिक्षा झालेल्या पोरासारखं. आणि त्याच्या हक्काच्या प्लगवर एक काचेचं कपाट झगमगत होतं. आत आमच्या पूर्वजांच्या करवती, पाट्या, एक फाटका ध्वज आणि आठ दिवे.

डीन ब्रॉडनॅक्स तिथेच उभ्या होत्या. अडतीस वर्षांची उत्साही बाई, हातात कायम एक यादी. म्हणाल्या, एका बोळात एकच प्लग, आणि महिनाभराचा तर प्रश्न आहे, वारशासाठी एवढं सोसायला नको का, डॉ. मेब्री? मी म्हटलं, माझ्या पूर्वजांनी जे सोसलं ते मला सकाळी कॉफी मिळावी म्हणूनच सोसलं असावं. त्यांनी यादीत काहीतरी खूण केली. बहुधा माझ्या नावापुढे.

काळ्यांच्या इतिहासाचा महिना आजपासून सुरू. बाहेरच्या मोठ्या विद्यापीठांत या महिन्यात आमच्यासारख्यांना भाषणाला बोलावतात आणि अठ्ठावीस तारखेला विसरतात. आमच्या सार्डिस विद्यापीठात तसं नाही. इथे विद्यार्थी, शिक्षक, अध्यक्ष, माळी सगळे काळे. उरलेले अकरा महिनेही काळेच. फेब्रुवारीत फक्त मांडवाचा खर्च वाढतो.

यंदाचं आकर्षण म्हणजे मुख्य इमारतीच्या दाराशी लागणारा ब्राँझचा फलक. ती इमारत १९११ साली आमच्याच मुलांनी लाल मातीच्या विटा स्वतः पाडून, स्वतः भाजून उभी केली. नाव मात्र तिला उत्तरेतल्या एका रेल्वेवाल्याचं, ज्याने चेक पाठवला आणि आयुष्यात इमारत पाहिली नाही. शंभरावर वर्षांनी विश्वस्तांना सुचलं की विटा कुणी भाजल्या तेही लिहावं. ते मला विचारत आले, कारण वीटभट्टीचा प्रमुख आर. एल. पिकन्स याला शोधून काढलं मी. बारा वर्षांपूर्वी पुस्तिका लिहिली, ‘सार्डिसचे हात’. चौसष्ट पानं. पिकन्सवर अकरा. फलकाचं अनावरण चोवीस तारखेला, संस्थापकदिनी. भाषण माझं.

कॉफीसाठी आता रोज भोजनगृहापर्यंत चालत जावं लागणार.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

भोजनगृह मिस व्हर्लीन ओडम यांचं राज्य. एकेचाळीस वर्षं. त्यांना सगळे ‘मिस व्हर्लीन’ म्हणतात, अध्यक्षसुद्धा, नुसतं ‘व्हर्लीन’ म्हणण्याचा प्रयत्न एका जुन्या खजिनदाराने केला होता आणि त्याला सहा महिने ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, थंडच मिळाली म्हणतात. त्याच संस्थापकदिनी त्या निवृत्त होणार आहेत. सत्तरीला आल्या, पण अजून तीस माणसांची कढई एकट्या उतरवतात.

आज त्यांच्या कोठीच्या दाराला ठेचकाळलो. दार उघडं राहावं म्हणून तिथे एक वीट ठेवलेली असते. या विटेला माझ्या पायाचा हाच अंगठा गेल्या सव्वीस वर्षांत चार वेळा लागला आहे. तसं मी बोललो.

“विटेला डोळे नाहीत, प्रोफेसर,” मिस व्हर्लीन म्हणाल्या. “तुम्हाला आहेत.”

मग कधी नव्हे ते त्यांनी वीट उचलून माझ्या हातात दिली. जुनी, आमच्याच भट्टीची. एका कडेला अंगठ्याचा ठसा. ओली असताना कुणीतरी दाबलेली. “लावून बघा तुमचा,” म्हणाल्या. मी लावला. माझा अंगठा बसला नाही, ठसा फारच लहान. मी ताबडतोब ताडलं की पिकन्सच्या भट्टीवर लहान मुलंही राबत असणार. भाषणात घालायला चांगला मुद्दा. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी वीट परत दाराशी ठेवली आणि कांदे चिरायला गेल्या.

कॉफी मात्र उत्तम होती. घरी येऊन किल्ल्या नेहमीसारख्या निळ्या भांड्यात टाकल्या आणि मुद्दा लिहून ठेवला.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज वर्गात माझं आवडतं व्याख्यान: आद्याक्षरांचं. दरवर्षी देतो, दरवर्षी रंगतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गोरा दुकानदार साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही पहिल्या नावाने, अरे-तुरेत हाक मारी. ‘मिस्टर’ त्याच्या तोंडून निघत नसे. मग आपल्या लोकांनी एक युक्ती काढली. पोरांना नावच ठेवायचं नाही, नुसती अक्षरं ठेवायची. पहिलं नाव नाहीच तर हाक काय मारणार? माझे दोन काका, जे. टी. आणि एल. डी., मरेपर्यंत तेवढेच होते. सरकारी माणूस विचारी, जे म्हणजे काय? काका सांगत, जे म्हणजे जे. मी काकांचा आवाज काढतो, पोरं हसतात, मग गप्प होतात. पिकन्सचं उदाहरण शेवटी देतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बायकांनीही असं केलं का सर? मी म्हटलं, काहींनी केलं असेल, पण तास संपला, पुढच्या आठवड्यात बघू. प्रश्न चांगला विचारतात ही पोरं, वेळ चुकीची निवडतात.

८ फेब्रुवारी, बुधवार

मिस व्हर्लीन यांना अचानक माझ्या संशोधनात रस आला आहे. एकेचाळीस वर्षं विद्यापीठात राहिल्याचा हा परिणाम असावा. आज कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, त्या पिकन्सला मिशा होत्या का हो?

मी म्हटलं, पान नऊ पाहा. ‘रुंद खांदे आणि भरघोस मिशा असलेला हा पुरुष सार्डिसचा कणा होता.’ हे वाक्य मला आजही आवडतं.

“पान नऊ पाठ आहे मला. तुम्ही मिशा पाहिल्यात का, ते विचारतेय.”

मी सांगितलं, एकच छायाचित्र उपलब्ध आहे. भट्टीपुढे चौदा मुलं आणि मधोमध पिकन्स, अंगात कामाचा डगला, डोक्यावर रुंद टोपी. मिशा स्पष्ट दिसतात.

“रुंद टोपीची सावली पडली की नाकाखाली कुणालाही मिशा दिसतात,” त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना जुनी छायाचित्रं वाचण्याचं एक शास्त्र असतं, वगैरे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या बशीत दुसरं बिस्किट ठेवलं. दुसरं बिस्किट त्या ज्याची कीव येते त्यालाच देतात, पहिल्या वर्षाच्या घर आठवून रडणाऱ्या पोरांना. मला का दिलं कळलं नाही. खाल्लं मात्र.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

डीनना आता पिकन्सचा वंशज हवा. अनावरणाच्या वेळी रक्ताचं कुणीतरी शेजारी उभं असलं की छायाचित्र चांगलं येतं. दिवसभर फोन. जिल्ह्यात पिकन्स चार. पहिला बाप्टिस्ट पाद्री. त्याने वीस मिनिटं माझ्या आत्म्याची चौकशी केली. दुसऱ्याने विमा विकायचा प्रयत्न केला. तिसऱ्याने मी कर्जवसुलीवाला आहे असं समजून स्वतः मेल्याचं सांगितलं. चौथा गोरा निघाला आणि बिचारा फारच नम्रपणे माफी मागू लागला, कशाची ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शेवटी टेकडीवरच्या मेथॉडिस्ट चर्चच्या चिटणीसबाईंना विचारलं. नव्वदीच्या आहेत. पिकन्स म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याच स्वयंपाकघरात विचारा ना.” मी त्यांना कळवलं की जेवणाची व्यवस्था आधीच झाली आहे. त्यांनी फोन ठेवला. वय झालं की लक्ष राहत नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहावं की नाही, असा तासभर विचार केला. लिहितो.

फलकाचा प्लास्टरचा नमुना आज आला. वर चेहरा, खाली मजकूर. शुक्रवारी दुपारी तो ओतशाळेत परत जायचा. त्यानंतर बदल नाही. डीननी तो सगळ्यांना पाहता यावा म्हणून भोजनगृहात टेबलावर उभा केला. शिल्पकाराने माझं पान नऊ मनापासून वाचलं होतं. मिशा अशा की दोन्ही टोकांना विटा टांगाव्या. मी समाधानाने पाहत उभा होतो.

मिस व्हर्लीन हात पुसत बाहेर आल्या. पाहिलं. आणि हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग तो हातही सुटला. मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाच्या पिंपावर बसल्या. मी मागोमाग गेलो, मला वाटलं त्यांना काही होतंय. डोळ्यांतून पाणी, ॲप्रन तोंडाला.

“आजी गं,” त्या म्हणत होत्या, “बघ काय केलं तुझं या शिकलेल्या लोकांनी.”

“कुणाची आजी?” मी विचारलं. सव्वीस वर्षं इतिहास शिकवणारा मी.

“माझी. माझ्या आईची आई. आर. एल. पिकन्स.”

कोठीच्या दाराशी वीट होती. मी तिच्याकडे पाहिलं. लहान अंगठा. मग मला एकेक करून सगळं आठवत गेलं, टोपी, बिस्किट, स्वयंपाकघर, मागच्या बाकावरची मुलगी. पिंप एकच होतं, नाहीतर मीही बसलो असतो.

मिस व्हर्लीन यांनी सांगितलं, विधवा झाल्यावर आजी इथे धुणं धुवायला आली. भट्टीच्या धुराच्या रंगावरून आणि वासावरून वीट भाजली की नाही हे तिला कळे. पहिल्या दोन भट्ट्या पुरुष प्रमुखांनी वाया घालवल्या, तिसरी तिने राखली. मग तिच्याकडेच दिली. स्कर्ट जळेल म्हणून नवऱ्याचा डगला आणि टोपी घाली. मिस व्हर्लीन आठ वर्षांच्या होत्या तेव्हा वारली.

मी विचारलं, बारा वर्षं सांगितलं का नाही.

“बारा वर्षं तुम्ही विचारलं का? येऊन जेवण मागितलंत, आता रोज कॉफी मागता. माझी माणसं कोण ते कधी मागितलं नाहीत, प्रोफेसर.” मग ॲप्रनने डोळे पुसून, जरा खालच्या आवाजात, “आणि पुस्तक तुम्ही छान लिहिलंय. तिला कुणीतरी कणा म्हटलं होतं. मी म्हटलं, मिशा असू देत. कणा तर आहे. पण आता हे भिंतीवर लागणार, आणि मी निघून जाणार. मग हे खरंच होऊन बसेल.”

१५ फेब्रुवारी, बुधवार

कॉफी प्यायला गेलो नाही. डोकं दुखतं आहे. पुस्तिका पुन्हा वाचली. ‘पुरुष’ हा शब्द अकरा पानांत एकोणीस वेळा.

ओळखीतला प्रत्येक जे. टी. आणि एल. डी. पुरुष होता म्हणून हाही पुरुष. वर्गात मी दरवर्षी जे शिकवतो ते मलाच ऐकू गेलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

डीनना जाऊन सांगितलं. वाटलं होतं मला झापतील. त्यांनी दोन्ही हात गालावर ठेवले. बाई! आणि भट्टीची प्रमुख! वारसा त्यांना एका क्षणात दसपट आवडू लागला. चेहरा काढू, मजकूर बदलू, ओतशाळेशी त्या बोलतील, फक्त पूर्ण नाव हवं. आर म्हणजे रूथ? रोझा? रिबेका? त्यांनी मिस व्हर्लीन यांना बोलावून घेतलं.

मिस व्हर्लीन यांनी डीनच्या खोलीत बसायला नकार दिला. कामावर असताना त्या कधी बसत नाहीत. “नाव आहे,” म्हणाल्या. “बायबलात तिच्या आईच्या हातचं लिहिलेलं आहे. बायबल माझ्या घरी आहे. तिथेच राहील.”

मग त्यांनी सांगितलं. गावात लोखंडाच्या दुकानात भट्टीच्या जाळ्या, खिळे घ्यायला तिला जावं लागे. गोरा दुकानदार. पहिल्याच दिवशी म्हणाला, काय गं, नाव काय तुझं? ती म्हणाली, मिसेस पिकन्स. तो हसला. म्हणाला, ते नाव मी काळ्या बाईला लावत नाही, पहिलं सांग. ती म्हणाली, आर. एल. तो म्हणाला, आर म्हणजे? ती म्हणाली, तेवढंच आहे, घ्यायचं तर घे. पस्तीस वर्षं तो तिला आर. एल. म्हणाला. नाव त्याला मिळालं नाही, आणि मिसेस तिला मिळालं नाही. घरात सुद्धा मुलींना तिने बजावलं होतं: नाव या चार भिंतींत.

डीन म्हणाल्या, पण काळ बदलला, आता तर आपण तिचा सन्मान करतो आहोत. मिस व्हर्लीन म्हणाल्या, काळ बदलला हे तिला कुणी सांगितलेलं नाही. डीन म्हणाल्या, नुसती आद्याक्षरं लावली तर उद्या पुन्हा कुणीतरी मिशा काढेल. इथे दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. डीनना दुसरं सुचलं: नावच नको, ‘एका कष्टाळू स्त्रीच्या स्मरणार्थ’ असं लिहू.

“मग फलकच नको,” मिस व्हर्लीन म्हणाल्या. “मला दीडशे माणसांचं जेवण बघायचंय.” आणि गेल्या.

डीन चिडल्या नाहीत, थकून बसल्या. यादी उलटी ठेवली. म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत मजकूर गेला नाही तर संस्थापकदिनी रेल्वेवाल्याच्या नावाखालीच उभं राहून भाषण करावं लागेल. आणि मिस व्हर्लीन त्याच दिवशी जाणार. नंतर कधी झालंच तर त्यांच्याशिवाय.

घरी येऊन किल्ल्या टाकल्या. निळं भांडं सरकून टेबलाच्या कडेवर गेलं, पडता पडता धरलं. तळाला चिकटपट्टी आहे, अक्षरं पुसट झालेली. हे भांडं सहा वर्षांपूर्वी, आई वारली तेव्हा आलं होतं, पीचच्या कॉब्लरने, म्हणजे फळं घालून भाजलेल्या गोडाने, भरलेलं. आपल्याकडे दुःखाच्या घरी आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि मला स्वयंपाक येत नाही. म्हणून ते राहिलं, आणि त्यात किल्ल्या राहायला आल्या. पट्टीवर लिहिलं आहे ‘मिस ओडम’. स्वतःच्या भांड्याच्या बुडाला, जे कुणी वाचत नाही, तिथेसुद्धा ‘मिस’ आधी.

मी बराच वेळ ते भांडं उलटं धरून बसलो होतो. किल्ल्या जमिनीवर.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेसहाला स्वयंपाकघरात. त्या रताळी सोलत होत्या. नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, “मिसेस चालेल?”

सुरी थांबली.

“नाव नाही लिहायचं. आर. एल.च. पण आधी मिसेस. मिसेस आर. एल. पिकन्स. मग कुणी मिशा काढू शकणार नाही, आणि नावही तुमच्या घरीच राहील.”

त्या रताळ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं चुकलो, परत एकदा.

“आणि पहिल्या ओळीत,” त्या म्हणाल्या. “खाली बारीक नाही.”

“पहिल्या ओळीत.”

“ब्राँझमध्ये.”

“ब्राँझमध्ये.”

“त्या दुकानदाराचा नातू अजून गावात दुकान चालवतो,” त्या म्हणाल्या. “त्याला निमंत्रण जाऊ दे. चांगला पोरगा आहे, मला मिस म्हणतो. पण येऊन वाचू दे.” आणि सोलायला लागल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता, “चेहऱ्याच्या जागी काय घालणार?”

मी कोठीच्या दाराकडे बोट दाखवलं. विटेच्या ठशाचा साचा काढता येईल का, शिल्पकाराला विचारतो म्हटलं. त्या म्हणाल्या, वीट परत आणून ठेवायची, दार मिटतं. आणि माझ्या बशीत दुसरं बिस्किट आलं. या वेळी कारण माहीत होतं. खाल्लं.

अकरा वाजता डीननी मजकूर पाठवला. बाईंमध्ये दम आहे हे मान्य करायला हवं; ओतशाळेला त्यांनी फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक, पण चोवीस तारखेला मिळेल असं उत्तर आलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

वर्गात व्याख्यानाचा राहिलेला भाग दिला. मागच्या बाकावरच्या मुलीला तिचा प्रश्न परत विचारायला सांगितला. मग उत्तर दिलं. तास संपल्यावरही कुणी उठलं नाही, हे माझ्या वर्गात बाहेर पाऊस असला तरच होतं. आज ऊन होतं.

भाषण तिसऱ्यांदा फाडलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

थकलो आहे, पण आजचं आजच लिहून ठेवतो.

सभागृह भरलं होतं. आपल्या बायका एवढ्या टोप्या कुठे ठेवतात हा संशोधनाचा विषय आहे. मिस व्हर्लीन यांची जांभळी, वर पीस. मागे बसलेल्या एका विश्वस्ताने कार्यक्रमभर फक्त ते पीस पाहिलं. मुलांच्या नाचाच्या चमूने जमीन दणाणून सोडली, गायकवृंद गायला, अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले, पंधरा ठरली होती.

मग मी. सुरुवात पान नऊपासून केली. वाक्य मोठ्याने वाचलं, ‘रुंद खांदे आणि भरघोस मिशा’. थांबलो. म्हटलं, “हे मी लिहिलं. मिशाही मीच लावल्या.”

“सांगा, प्रोफेसर,” मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, चर्चमध्ये येतो तसा. मग मी सांगत गेलो, आणि ते ‘हो’, ‘खरंय’ म्हणत गेले, आणि मला कागद लागला नाही. मी सांगितलं की सव्वीस वर्षं तिच्या नातीच्या हातचं जेवलो आणि तिच्या विटेला चार वेळा ठेचकाळलो, पण वाकून पाहिलं नाही. हशा झाला. पहिल्या रांगेत जांभळी टोपी हलत होती. हसत होत्या असं समजतो.

बाहेर दाराशी डीननी कापड ओढलं आणि वाचलं. मिसेस आर. एल. पिकन्स, वीटभट्टीच्या प्रमुख. एवढ्यावर त्यांचा आवाज बदलला आणि बाकीचा मजकूर कुणाला नीट ऐकू आला नाही. कुणी न सांगता म्हाताऱ्या बायका एकेक करून खुर्च्यांवरून उठल्या. चर्चच्या नव्वदीच्या चिटणीसबाई काठी टेकत उठल्या. लोखंडाच्या दुकानाचा मालक, पन्नाशीचा गोरा, कडेला टोपी काढून उभा होता. त्याने ओठ हलवत पाटी दोनदा वाचली.

मिस व्हर्लीन पुढे गेल्या आणि ब्राँझमधल्या त्या ठशावर अंगठा ठेवला. बसला की नाही मला दिसलं नाही. टोपी आडवी आली.

नंतर जेवण, शेवटचं त्यांच्या हातचं. कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव, कोंबडी. निघताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. एवढ्या वर्षांत प्रोफेसरखेरीज हाक मारली नव्हती.

“लिएंडर, बाळा, कान दे इकडे.”

आणि नाव सांगितलं. दोन शब्द, आर आणि एल.

“कुठे लिहू नकोस हं.”

इतिहासकाराने अशी गोष्ट सर्वात आधी लिहून ठेवायची असते. या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. राहू देत.

१ मार्च, बुधवार

कॉफीचं यंत्र आपल्या जागी, प्लग लागलेला, तोंड माणसांकडे. डीननी वर चिठ्ठी चिकटवली होती: ‘डॉ. मेब्री यांच्या त्यागाबद्दल आभार.’ कप भरून घेतला. घोट घेतला आणि ओतून दिला. फेब्रुवारीत जिभेला वाईट सवय लागली.

भोजनगृहात आता नवी मंडळी. वीट दाराशी आहे.

संध्याकाळी मक्याचा पाव केला. पहिला जळाला, दुसरा एका बाजूने जळाला, तिसऱ्यासाठी पीठ नव्हतं. दुसराच घेतला. निळं भांडं घासून स्वच्छ केलं, पाव त्यात ठेवला, जळकी बाजू खाली. तळाची पट्टी निघत आली होती. नवी लावून त्यावर ‘मिस ओडम’ हेच दोन शब्द नीट लिहिले.

त्यांच्या घरी दिवा होता, आत रेडिओ चालू होता. दार वाजवलं नाही. ओसरीच्या कठड्यावर भांडं ठेवलं, वर फडकं घातलं आणि चालत परत आलो.

आता किल्ल्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न आहे.